मागची विंग ३.४ किलोची ठरवली, काट्यावर भरली ५.९ : वजन गेलं कुठे?

स्लिपस्ट्रीम_पुणे (धागाकर्ता)

फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडीच्या मागच्या विंगबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. सगळे आकडे देतो, म्हणजे उलटे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

स्पॅन (आडवी लांबी) ९०० मिमी. मेन प्लेनची (मुख्य पात्याची) कॉर्ड, म्हणजे पुढून मागे रुंदी, ४२० मिमी, वर दोन फ्लॅप (छोटी पाती) प्रत्येकी १८० मिमी. तिन्हींचा कोअर (आतला गाभा) हॉट वायरने (गरम तारेने) कापलेला एक्सपीएस फोम, घनता ३२ किलो प्रति घनमीटर. त्यावर २०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौ. मी.) ट्विल विणीच्या कार्बन कापडाचे दोन थर स्पॅनशी ४५ अंशांत, म्हणजे लीडिंग एजवर (पुढच्या कडेवर) कापड नीट वळतं. इपॉक्सी रेझिन एलवाय ५५६, हार्डनर एचवाय ९५१. हाताने लेअप (भिजवलेले थर चढवणं), व्हॅक्यूम नाही. एंडप्लेट (दोन्ही टोकांच्या उभ्या पाट्या) ६०० × ५५० मिमी, ५ मिमी पीव्हीसी फोम (८० घनता), दोन्ही बाजूंना दोन-दोन थर. ६ मिमी ॲल्युमिनियमचे स्वॅन नेक माउंट (विंगला वरून धरणारे वाकडे आधार), जोडीचं वजन ९५० ग्रॅम. पृष्ठभाग खडबडीत आला म्हणून पुट्टी, मग प्रायमर, मग काळा रंग.

कॅडमध्ये (संगणकावरच्या आराखड्यात) ३.४ किलो दिसत होतं. तयार विंग ५.९ किलो. शिवाय स्पर्धेच्या तपासणीतल्या २०० न्यूटनच्या चाचणीत वरचा फ्लॅप मधोमध १० मिमीच्या मर्यादेपेक्षा जास्त वाकतो.

प्रश्न: (१) अडीच किलो कुठून आले? (२) पुढच्या विंगसाठी इन्फ्युजन (व्हॅक्यूमने कोरड्या कापडात रेझिन ओढायची पद्धत) शिकावं का? (३) थर कमी करायचे तर कडकपणा कसा टिकवायचा? स्पर्धा जानेवारीत कोइमतूरला कारी ट्रॅकवर, बांधणी जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळ्यात.

---

खडूस_लॅमिनेटर

आकडे दिलेत हे उत्तम. पण प्रत्येक टप्प्याला वजन केलं असतंत तर हा धागा काढायची वेळच आली नसती. असो, आता हिशोब मांडू.

फोम : मेन प्लेनचा साधारण ४१० ग्रॅम, दोन फ्लॅपचा मिळून १५० ग्रॅम. एकूण ५६० च्या आसपास. इथे गडबड नाही.

कार्बनची कातडी : तिन्ही भागांचं बाहेरचं क्षेत्रफळ धरा १.४६ चौ. मी. दोन थर म्हणजे २.९२ चौ. मी. कापड. कॅडमध्ये तुम्ही थराची जाडी ०.२ मिमी धरली असणार, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम. प्रत्यक्षात २०० ग्रॅम कापड आणि ५० टक्के फायबर आकारमान असा चांगला दाबलेला थर ०.२२ मिमी जाड आणि ३३० ग्रॅम भरतो, त्यात रेझिन १३० ग्रॅम. व्हॅक्यूमशिवाय, नीट रोलर मारूनही फायबर ३५ टक्क्यांवर येतं आणि तोच थर ४३५ ग्रॅम होतो. एलवाय ५५६ सारखं मधाइतकं घट्ट रेझिन असेल तर ५०० सहज. २.९२ गुणिले ५०० म्हणजे १.४६ किलो. कॅडपेक्षा सुमारे ६०० ग्रॅम जास्त, आणि त्या ६०० ग्रॅमचा कडकपणाला काडीचा उपयोग नाही.

एंडप्लेट : ०.६६ चौ. मी., चार थर अधिक फोम, जोडी १.४ किलो. इथे मुळात चार थरांची गरजच नव्हती.

माउंट ०.९५.

हे सगळं मिळून ४.४ किलो झालं. उरलेले दीड किलो म्हणजे पुट्टी, प्रायमर, रंग, चिकटवायचं इपॉक्सी आणि बोल्ट. सरासरी ०.३ मिमी पुट्टी उरली तरी चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या वर जाते. तुम्हाला वाटतं घासून काढली. उंचवट्यावरची निघते, खड्ड्यातली राहते, आणि हॉट वायरच्या कोअरवर खड्डेच जास्त असतात. १०० मायक्रॉन रंगाचे आणखी १४० ग्रॅम प्रति चौ. मी., तेही एंडप्लेटच्या दोन्ही बाजूंना.

म्हणजे जास्तीच्या वजनाचा सगळ्यात मोठा वाटा पुट्टी-रंगाचा, आणि पुट्टी का लागली तर कोअर वाईट कापला म्हणून. सुरुवात तिथून करा. कार्बनच्या मागे नंतर लागा.

कोअर कापण्याबद्दल थोडक्यात. टेम्प्लेट सनमायकाचे करा, प्लायवूडचे नको. प्लायच्या थरांत तार अडखळते आणि तिथेच लाट उमटते. टेम्प्लेटची कड ४०० च्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करून वर मेणबत्ती फिरवा. दोन्ही टोकांच्या टेम्प्लेटवर १ ते २० आकडे लिहा आणि एकाने मोठ्याने मोजावं, म्हणजे दोघांचे हात एकाच वेळी एकाच आकड्यावर येतात. तार ताणलेली हवी. ढिली तार मधोमध मागे राहते आणि ट्रेलिंग एजचा (मागच्या कडेचा) मधला भाग खाऊन टाकते. तापमान असं ठेवा की कापताना बारीक ‘चर्र’ आवाज यावा आणि तारेमागे फोमचे केसासारखे धागे सुटावेत. धूर निघाला तर तार जास्त गरम आहे. कापून झालेले बाहेरचे तुकडे फेकू नका. ते पुढे साच्यासारखे वापरायचे आहेत.

आणखी एक : पॉलिएस्टर पुट्टी उघड्या एक्सपीएसला लागली तर त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं. कातडीला भोक असेल तर आतून पोकळी होते आणि बाहेरून काही दिसत नाही. खड्डे भरायचेच असतील तर इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची हलकी भुकटी) कालवून भरा, तेही कातडी चढवण्याआधी, आणि पट्टीने जवळजवळ सगळं खरवडून काढा.

---

वाऱ्यावरची_वरात

इन्फ्युजनच्या प्रश्नावर : विंगसाठी नको, एंडप्लेटसाठी हो.

एक्सपीएसच्या कोअरवर इन्फ्युजन करायला गेलात तर पूर्ण व्हॅक्यूम लागतो, म्हणजे चौरस मीटरला जवळपास दहा टनांचा दाब. फोम लगेच चिरडत नाही, पण ट्रेलिंग एजची पातळ जीभ दबते, आणि रेझिन क्युअर होताना (घट्ट होताना) तापलं की तो आणखी बसतो. प्रोफाइल बिघडलं की स्लॉट गॅप (मेन प्लेन आणि फ्लॅपमधली फट) बिघडला. स्लॉट कॉर्डच्या एक-दोन टक्क्यांचा असतो, त्यात दोन मिमीची चूक म्हणजे फ्लॅपवरचा प्रवाह सुटलाच म्हणायचं.

यापेक्षा रेडिओ कंट्रोल ग्लायडर करणारे वापरतात ती पद्धत घ्या. ओलं लेअप, मायलर शीट (गुळगुळीत पॉलिएस्टरची पातळ शीट) आणि अर्धा व्हॅक्यूम.

०.२५ ते ०.३५ मिमीची मायलर शीट वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या मापाची कापायची. लीडिंग एजच्या ३–४ मिमी आधी थांबवायची. शीटला मेणाचे चार-पाच हात, प्रत्येक हात वाळू देऊन पुसायचा.

कापड कोअरवर नाही, मायलरवर ठेवायचं. आधी कापडाचं वजन करा. रेझिन कापडाच्या वजनाच्या ०.९ पट मिसळा. त्यातलं बरंचसं कपात, ब्रशवर आणि टिश्यूत जातं. भिजवून झालं की वर टिश्यू पेपर अंथरून कोरडा रोलर फिरवा आणि जादा रेझिन शोषून घ्या. कापड ओलसर आणि गडद दिसायला हवं, चकचकीत ओलं नाही. चकाकत असेल तर अजून टिश्यू. या टप्प्यावर पुन्हा काट्यावर ठेवा. कापड अधिक रेझिन मिळून कापडाच्या १.७ पटीच्या आत आलं पाहिजे.

कोअर १२० ने हलका घासून धूळ व्हॅक्यूम क्लीनरने काढा. ट्रेलिंग एजचा शेवटचा १० मिमी फोम कापून टाका, तिथे दोन्ही कातड्या थेट एकमेकींना चिकटल्या पाहिजेत. लीडिंग एजवर ५० मिमी रुंदीची ४५ अंशांची कार्बन पट्टी वेगळी गुंडाळा. मग मुख्य कापड ०/९० मध्ये (धागे स्पॅनच्या दिशेने आणि तिला आडवे) ठेवलं तरी वळणाची अडचण येत नाही.

रचना खालून वर अशी : कोअर कापून उरलेला खालचा तुकडा, खालची मायलर कापडासकट, कोअर, वरची मायलर कापडासकट, वरचा तुकडा. हे सगळं पिशवीत, पिशवी सपाट टेबलावर. टेबल खरंच सपाट आहे का ते ॲल्युमिनियमच्या पट्टीने बघा. टेबलाला पीळ असेल तर विंगला पीळ येणार, आणि तो नंतर काढता येत नाही.

व्हॅक्यूम ०.४ ते ०.५ बार, त्याहून जास्त नको. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर एवढ्याला पुरतो, फक्त मध्ये रेझिन ट्रॅप (ओढलं गेलेलं रेझिन अडवणारं भांडं) ठेवा. कमीत कमी १२ तास तसंच.

मायलर सोलली की पृष्ठभाग तयार मिळतो. फक्त लीडिंग एजची शिवण घासायची. पुट्टी नाही, प्रायमर नाही. उन्हापासून इपॉक्सी वाचवायला टू-के पीयू क्लिअरचे (दोन भाग मिसळायच्या पारदर्शक लॅकरचे) दोन पातळ हात, चौरस मीटरला साठेक ग्रॅम.

---

बीम_थिअरी

तुमचा फ्लॅप का वाकतो ते थरांच्या संख्येत नाही, दिशेत आहे. दोन्ही थर ४५ अंशांत टाकलेत. स्पॅनच्या दिशेने ०/९० विणीच्या कार्बनचा मॉड्युलस (ताणाला कडकपणा) ५५ जीपीएच्या (गिगापास्कलच्या) आसपास असतो, तोच ±४५ मध्ये १५ वर येतो. कापड तेच, पैसे तेवढेच, कडकपणा पाव.

ढोबळ हिशोब करून बघा. फ्लॅप दोन्ही टोकांना एंडप्लेटवर टेकलेला, ९०० मिमी लांब, मधोमध २०० न्यूटन. १८० मिमी कॉर्ड, साधारण २१ मिमी जाडी. दोन्ही थर ४५ अंशांत : वाकणं २० मिमी. दोन्ही थर ०/९० : साडेपाच मिमी. एकच थर ०/९० : ११ मिमी, म्हणजे थोडक्यात नापास.

आता एक थर ०/९० आणि त्याखाली सगळ्यात जाड जागेवर, वर आणि खाली, ५० मिमी रुंदीची २०० जीएसएम युनिडायरेक्शनल (सगळे धागे एकाच दिशेने असलेल्या) कार्बनची एकेक पट्टी स्पॅनभर. वाकणं परत साडेपाच मिमीवर. पट्ट्यांचं वजन ३० ग्रॅम, त्यांच्यामुळे वाचलेला दुसरा थर ११० ग्रॅमचा. एका फ्लॅपमागे ८० ग्रॅम वाचले, दोन फ्लॅपमागे १६०, आणि तेही जमिनीपासून मीटरभर उंचीवरचे.

मेन प्लेनला मात्र दोन थर राहू द्या : एक ०/९०, एक ४५. माउंटमधून पीळ तिथेच येतो आणि पिळाला ४५ चा थरच उत्तर देतो.

एक थर ठेवण्याची किंमत सांगून ठेवतो. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडेल. पिटमध्ये कोणीतरी विंगला धरून गाडी ढकलणारच. त्यासाठी एंडप्लेटच्या तळाला ‘इथे ढकला’ असं लिहून ठेवा आणि फ्लॅपवर ‘हात लावू नका’. गंमत वाटेल, पण स्पर्धेतले निम्मे खड्डे असेच पडतात.

चाचणी घरी करताना २०० न्यूटन म्हणजे २०.४ किलो, २२५ चौ. सेंमी. वर, म्हणजे १५ × १५ सेंमीचा लाकडी ठोकळा. ठोकळ्याखाली पातळ रबर ठेवा, नाहीतर कड रुतते. दुसरी चाचणी ५० न्यूटन, कुठेही, कुठल्याही दिशेने, २५ मिमीच्या आत. तिथे फ्लॅप सहसा पास होतो, एंडप्लेटचा खालचा मागचा कोपरा नापास होतो. स्प्रिंग काट्याने आडवा ओढून बघा.

वेगात खाली दाबणारा जोर (डाउनफोर्स) किती येतो याचाही अंदाज असू द्या. कोइमतूरची उंची आणि तिथली दुपार धरली तर हवेची घनता १.१ किलो प्रति घनमीटरच्या आसपास. या मापाच्या विंगचा सीएलए (डाउनफोर्सचा गुणांक गुणिले क्षेत्रफळ) १.४ धरला तर ६० किमी वेगाला २२ किलो, १०० किमीला ६० किलो. म्हणजे तपासणीतली एका बिंदूवरची चाचणी फ्लॅपला गाडीच्या वेगापेक्षा जास्त कठीण जाते. डिझाइन चाचणीसाठी करा, वेगासाठी आपोआप पुरतं.

---

स्लिपस्ट्रीम_पुणे

सर्वांचे आभार. ४५ अंशांची चूक वाचून कपाळावर हात मारला. एंडप्लेट इन्फ्युजनने करू. त्यासाठी एलवाय ५५६ चालेल ना? आमच्याकडे पाच किलोचा कॅन पडून आहे.

---

फायबरगल्ली

नाही चालणार. पंचवीस अंशांना एलवाय ५५६ ची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) दहा-बारा हजार मिलिपास्कल-सेकंद. इन्फ्युजनला दोनशे ते चारशेचं हवं. एचवाय ९५१ मिसळल्यावर थोडं पातळ होतं, पण तोवर घड्याळ सुरू झालेलं असतं. गरम करून पातळ करू म्हणाल, तर दर दहा अंशांना पॉट लाइफ (मिसळल्यावर वापरता येणारा वेळ) निम्मं होतं. पिशवीत अर्धं कापड कोरडं राहून रेझिन घट्ट झालं की सगळं साहित्य कचऱ्यात. तो कॅन विंगच्या ओल्या लेअपला वापरा. एंडप्लेटसाठी इन्फ्युजनचं पातळ इपॉक्सी आणि त्याचाच स्लो हार्डनर, ‘इन्फ्युजन ग्रेड’ असं स्पष्ट सांगून घ्या.

प्रमाणाबद्दल एक सांगतो, कारण एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) दुकानात काम शिकलेले कारागीर इथे हमखास चुकतात. पॉलिएस्टरमध्ये कॅटलिस्ट एक ते दोन टक्क्यांत मागेपुढे करून वेळ कमीजास्त करता येते. इपॉक्सीत तसं नाही. हार्डनर रेझिनच्या साखळीचा भाग होतो. एलवाय ५५६ ला शंभरास दहा, वजनाने, एक ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर. जादा टाकलात तर लवकर क्युअर होणार नाही, मऊ राहील. आणि ५०० ग्रॅम एका मगमध्ये मिसळून गप्पा मारत बसू नका, मग वितळून धूर येतो. दीड-दोनशे ग्रॅम मिसळा, पसरट ट्रेमध्ये ओता.

आता एंडप्लेट. साचा म्हणून १० मिमी जाड टफन्ड काच घ्या. एमडीएफ नको. एमडीएफ स्वतःच हवा सोडतो, वरून कितीही सील केला तरी कडेतून गळती लागते आणि तुम्ही टेप बदलत बसता. काचेला मेणाचे पाच हात.

थर : एक कार्बन, ५ मिमी फोम, एक कार्बन, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), फ्लो मेश (रेझिन पसरवणारी जाळी). फोमला दर ३० मिमीवर २ मिमीची भोकं, नाहीतर काचेकडचा थर कोरडा राहील. रेझिन वरून येतं, त्याला खाली जायला वाट हवी. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा कोअर) इथे वापरू नका, सगळ्या पेशी रेझिनने भरतील आणि एंडप्लेटची फरशी होईल.

मेश व्हॅक्यूमच्या बाजूला ३०–४० मिमी आधी संपवा. त्या पट्ट्यात रेझिन हळू सरकतं आणि मागे राहिलेले कोपरे तेवढ्यात भरतात. मेश शेवटपर्यंत नेली तर रेझिन सरळ ट्रॅपमध्ये धावतं. मेश म्हणून शेतीचं शेडनेट चालतं, पण पील प्लाय मध्ये हवाच. रेझिन लांब बाजूने स्पायरल ट्यूबमधून सोडा, व्हॅक्यूम समोरच्या लांब बाजूला, म्हणजे प्रवासाचं अंतर ६०० ऐवजी ५५० मिमी.

पिशवीला कोपऱ्यात आणि प्रत्येक बाजूला चुण्या द्या. पिशवी ताणली की कडेला पूल तयार होतो, खाली रेझिनचं तळं साचतं. व्हॅक्यूम लावून, पंपाची नळी क्लॅम्प करून पंधरा मिनिटं गेज बघा. दहा मिलिबारच्या वर उतरला तर रेझिन मिसळूच नका.

रेझिन किती : कापडाच्या ०.६५ पट, अधिक फोमच्या उघड्या पेशींसाठी थोडं, अधिक मेश, पील प्लाय आणि नळ्या मिळून चौरस मीटरला पाव ते अर्धा किलो. हे शेवटचं भागात राहत नाही, पण मिसळावं लागतं. कमी मिसळलं आणि नळीत हवा शिरली की खेळ संपला.

एक-एक थराने कडकपणा पुरेल का, ही शंका येईल. चार थर नुसते, फोमशिवाय, ०.९ मिमी जाड. तेच थर दोन-दोन करून मध्ये ५ मिमी फोम घातला तर वाकण्याचा कडकपणा शंभर पटींच्या वर जातो. एक-एक थराने तो त्याच्या निम्म्याहून थोडा कमी होतो, तरी पुष्कळ आहे. जोडी १.४ वरून ८०० ग्रॅमवर येईल.

---

नियमावलीवाला

फायबरगल्लींच्या एंडप्लेटला एक अडचण. ५ मिमी फोम अधिक दोन थर म्हणजे जाडी ५.४४ मिमी. नियमाप्रमाणे समोरच्या उभ्या कडेला ३ मिमी त्रिज्या लागते, त्यासाठी जाडी ६ मिमी हवी. समोरच्या कडेला फोम १० मिमी आत घ्या आणि तिथे ६ मिमी व्यासाची अर्धगोल कड बसवा : मायक्रोबलून इपॉक्सीची पट्टी आणि त्यावर एक पातळ ग्लास टेप. आडव्या कडांना, म्हणजे विंगच्या लीडिंग एजला, ५ मिमी त्रिज्या. मेन प्लेनला अडचण नाही, १८० कॉर्डच्या फ्लॅपचं नाक मात्र मोजून घ्या. त्या वर्षाची नियमपुस्तिका छापून भिंतीला लावा, आकडे बदलतात. आपल्याकडची फॉर्म्युला भारत स्पर्धा जर्मनीतल्या फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांच्या धर्तीवर चालते, पण ‘धर्तीवर’ म्हणजे ‘तंतोतंत’ नव्हे.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर कार्बन वीजवाहक आहे हे विसरू नका. हाय व्होल्टेजजवळ येणाऱ्या कार्बनच्या भागाला ग्राउंडिंग दाखवावं लागतं, आणि इपॉक्सीच्या चकचकीत थरावर मल्टिमीटर टेकवला तर काहीच दिसत नाही. बोल्टच्या जागी रेझिन घासून फायबर उघडं करा. कार्बन घासलेली धूळ बॅटरीच्या खोलीत नेऊ नका, कपड्यांवरूनसुद्धा.

---

ट्रॅकडे_अप्पा

विषयांतर करतो, माफ करा. माझी गाडी हॅचबॅक आहे, क्लब इव्हेंटपुरती. पुढचा स्प्लिटर (बंपरखालची आडवी पाटी) कार्बन सँडविचचा करावा का?

---

खडूस_लॅमिनेटर

अप्पा, नको. स्प्लिटर जमिनीला घासतो, कर्बवर आपटतो, त्याचं आयुष्य तेवढंच. ९ मिमी मरीन प्लाय घ्या, दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कडांना पातळ इपॉक्सीचे तीन हात, खाली घासणाऱ्या जागी एचडीपीईच्या (कडक प्लास्टिकच्या) पट्ट्या. बंपरला नव्हे, चासीला बोल्ट करा आणि समोरून दोन टाय रॉड. बंपर हा जोर घ्यायला केलेला नसतो, तो वेगात खाली ओढला जातो आणि स्प्लिटर जमिनीला टेकतो. माणूस उभा राहिला तरी वाकत नाही इतका कडक हवा. तुटला तर दुपारपर्यंत दुसरा कापता येतो. कार्बनचे पैसे टायरला घाला.

---

बीम_थिअरी

माउंटबद्दल कोणीच बोललं नाही, आणि विंगा तुटतात त्या तिथूनच.

स्वॅन नेक वरून धरतो हे योग्य आहे, खालचा पृष्ठभाग मोकळा राहतो आणि डाउनफोर्सचं बहुतेक काम तोच करतो. पण बोल्ट थेट एक्सपीएसवर कसला तर फोम दबून बोल्ट ढिला होतो. दुसऱ्या दिवशी परत कसता, आणखी दबतो. कोअर कापून झाल्यावर, कातडी चढवण्याआधी, माउंटच्या दोन जागी २० मिमी रुंदीची पूर्ण प्रोफाइलची रिब बसवा, १० मिमी मरीन प्लायचे दोन थर चिकटवून. त्यात माउंटच्या बोल्टसाठी ॲल्युमिनियमचे थ्रेडेड इन्सर्ट इपॉक्सीत. इन्सर्टला आडव्या खाचा पाडा, नुसता गुळगुळीत दंडगोल फिरतो.

ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना थेट टेकू देऊ नका. दोघांत ओलावा आला की ॲल्युमिनियम गंजतं आणि पांढरी भुकटी धरून सुटतं. मध्ये ग्लासच्या पातळ कापडाचा एक थर पुरतो. चिकटवायचा ॲल्युमिनियम १२० ने घासून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, तासाभरात चिकटवा. डिंकाची, म्हणजे चिकटवायच्या इपॉक्सीची, जाडी ०.२–०.३ मिमी हवी. त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचे दोन-तीन तुकडे मध्ये ठेवले की क्लॅम्पने सगळा डिंक पिळून निघत नाही.

६ मिमीच्या प्लेटला खिडक्या पाडल्या तर ९५० वरून ७०० ग्रॅमवर याल. आडवी डोलू नये म्हणून प्लेट जाड करण्यापेक्षा मेन हूपपासून (चालकामागच्या सुरक्षा कमानीपासून) एक पातळ टाय रॉड द्या.

नवा हिशोब : फोम ५६५, मेन प्लेनची कातडी ५५०, दोन फ्लॅपची ३००, एंडप्लेट ८००, रिब, इन्सर्ट आणि डिंक २५०, माउंट ७००, क्लिअर १७०. बेरीज ३.३३ किलो.

---

वाऱ्यावरची_वरात

पावसाळ्याचं राहिलं. एचवाय ९५१ सारखा अमाइन हार्डनर दमट हवेत पृष्ठभागावर तेलकट पापुद्रा सोडतो. त्यावर दुसरा थर किंवा रंग धरत नाही. लगेच घासलात तर पापुद्रा खाली चोळला जातो. आधी कोमट पाणी आणि हिरवी घासणी, मग कोरडं पुसून, मग पॉलिश पेपर. पुढे काही चिकटवायचं असेल तिथे पील प्लाय लावलेला बरा. तोही नायलॉनचा असेल तर ओलावा धरतो, म्हणून कापड, फोम आणि पील प्लाय थर्मोकोलच्या पेटीत दोन बल्ब लावून ५० अंशांना दोन-तीन तास ठेवून मग वापरा. हार्डनरच्या बाटलीचं झाकण काम झाल्या झाल्या लावायचं.

तीच पेटी पोस्ट क्युअरला (नंतर तापवून पक्कं करायला) लागेल. खोलीत क्युअर झालेलं इपॉक्सी ५०–६० अंशांना मऊ पडायला लागतं, आणि काळी विंग कोइमतूरच्या उन्हात त्याच्या वर जाते. एंडप्लेट काचेवरच असताना तासाला दहा अंश वाढवत रेझिनच्या डेटाशीटमध्ये सांगितलेल्या तापमानापर्यंत न्या. विंगला मात्र ६० च्या वर नेऊ नका, एक्सपीएस बसतो. ती उरलेल्या तुकड्यांत आवळून ठेवूनच तापवा, आणि पिटमध्ये गाडीवर पांढरी चादर टाका.

---

स्लिपस्ट्रीम_पुणे

काचेवर कापडाशिवाय नुसत्या पिशवीची चाचणी घेतली. गेज पाऱ्याच्या ७०० मिमीला अडकतं, ७६० पर्यंत जातच नाही. टेप दोनदा बदलली, तरी तेच. नळी क्लॅम्प केली तर दहा मिनिटांत ६९८.

---

फायबरगल्ली

गळती नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे वातावरणाचाच दाब ७१० मिमीच्या आसपास असतो, पावसाळ्यात आणखी थोडा कमी. ७६० मुंबईत दिसेल. पंप त्याचं काम जवळजवळ पूर्ण करतोय, आणि दहा मिनिटांत दोन मिमी म्हणजे तीन मिलिबारच्या आत. टेप वाया घालवू नका, कापड घाला. कापड घातल्यावर मात्र चाचणी परत घ्या, कारण कार्बनचा एखादा सुटा धागा टेपखाली आडवा गेला की त्याच्या बाजूने हवा आत शिरते आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कडेने बोट फिरवत कान लावा, बारीक शिट्टी ऐकू येते.